ज्युपिटरलाइट, दहा महिने: 'एकोणशंभर' आणि न मरणारी जुनी प्रत

"सर, हे नव्व्याण्णवला एकोणशंभर म्हणतंय."

तिसऱ्या रांगेतल्या मुलीने हे मोठ्याने वाचलं आणि सगळी लॅब हसली. मला मात्र घाम फुटला, कारण ही चूक मी चार दिवसांपूर्वीच दुरुस्त करून नवी आवृत्ती सोडली होती. माझ्या लॅपटॉपवर नव्व्याण्णव, तिच्या शेजाऱ्याकडे एकोणशंभर, मागच्या रांगेत पुन्हा नव्व्याण्णव. पान एकच, पत्ता एकच, तीस मशिनं आणि निम्म्यांवर एकोणशंभर.

थोडं मागचं सांगतो. माझी एक बारकीशी पायथन लायब्ररी आहे, अंक दिला की मराठी अक्षरी करून देते. चेक, पावत्या, बिलं, एवढाच तिचा जीव. मराठी अंक म्हणजे शंभर वेगळे शब्द. त्यात नियम म्हणावा असा एकच सापडतो, एकोणीस, एकोणतीस असा थेट एकोणनव्वदपर्यंत गुण्यागोविंदाने चालणारा, आणि नव्व्याण्णवला नेमका दगा देणारा. कोड सुटसुटीत करायच्या नादात एका आवृत्तीत मी त्या नियमावर विसंबलो. झालं ते झालं.

डॉक्युमेंटेशनमध्ये चालती नोटबुकं, म्हणजे कोडचे तुकडे (सेल) तिथल्या तिथे चालवता येतील अशी पानं, घालायची हौस मला जुनी. नुसता कोड छापून खाली उत्तर छापलं की वाचणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. तिथेच आकडा बदलून बघता आला तर थांबतो. आधी बाइंडरचं बटण लावलं होतं. बाइंडर तुमच्या रिपॉझिटरीवरून, म्हणजे कोडच्या साठ्यावरून, कंटेनर (सगळं सॉफ्टवेअर भरलेलं तयार खोकं) बांधतो आणि वाचणाऱ्याला एक ते दोन जीबी मेमरीचं तात्पुरतं मशिन देतो. पैसे नाहीत, लॉगिन नाही. उपकारच म्हणायचे. पण कंटेनर उठेपर्यंत वर्गातली मुलं इन्स्टाग्रामवर पोचलेली असतात, आणि दहाएक मिनिटं हात लावला नाही की मशिन आवरलं जातं. फळ्याकडे वळून समजावत बसलो की मागे सगळं गुल. शिवाय शंभर ओळींच्या लायब्ररीसाठी कुणीतरी दुसऱ्याच्या खर्चाने सर्व्हर फिरवायचा हे मनाला पटत नव्हतं.

म्हणून स्वतःचा छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन पाहिला. महिन्याला अकराशे रुपये. दिवाळीच्या सुट्टीत बंद करायला विसरलो आणि पुढच्या महिन्याचं बिल आलं तेव्हा घरी जे संभाषण झालं ते इथे लिहीत नाही. लायब्ररी फुकट, डॉक्युमेंटेशन फुकट, आणि ते वाचायला येणाऱ्यासाठी मी पैसे भरायचे? नाही जमणार.

ज्युपिटरलाइट, म्हणजे ब्राउझरमध्येच नोटबुक चालवणारी सोय, इथे येतं. सायपाय या गणिती पायथन लायब्ररीच्या पानांवर 'ट्राय इट इन युवर ब्राउझर' असं बटण पाहिलं, दाबलं, आणि मागे सर्व्हर कुठे आहे ते शोधत बसलो. सर्व्हर नाहीच. मोझिलात २०१८ साली सुरू झालेला पायोडाइड, म्हणजे वेबअसेम्ब्लीत (ब्राउझरला चालवता येणाऱ्या रूपात) उतरवलेला पायथन, तो वाचणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये धावतो. माझ्याकडून जातात त्या फक्त फाइली, आणि त्या गिटहब पेजेसवर फुकट बसतात. तिथे साइटला १ जीबीची मर्यादा आहे आणि महिन्याला १०० जीबी वाहतुकीची ढोबळ अट. माझ्या वाचकसंख्येकडे बघता ती अट या जन्मात मोडायची नाही.

डॉक्युमेंटेशन बांधायला स्फिंक्स हे साधन वापरत असाल तर बसवणं सोपं. ज्युपिटरलाइट-स्फिंक्स नावाचं एक्स्टेन्शन टाकायचं, कॉन्फिगमध्ये नाव लिहायचं आणि पानात एका ओळीचा डायरेक्टिव्ह. माझी लायब्ररी निव्वळ पायथनची असल्याने पहिल्या सेलमध्ये पिप इन्स्टॉलची एक ओळ पुरली. तुमच्या पॅकेजच्या पोटात सी किंवा रस्ट असेल आणि पायोडाइडसाठी ते आधीच कुणी बांधलेलं नसेल, तर हा आनंद विसरा. थ्रेड आणि सॉकेटचंही तेच. साइटचं बाड पाच एमबीवरून पन्नासच्या पुढे फुगलं. पहिल्यांदा उघडताना पायथन स्वतः उतरून यावा लागतो, तेव्हा गावाकडच्या रेंजवर चहा होतो. मोबाइलवर उघडतं, पण वापरू नका.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी लॅबमध्ये काय झालं?

ज्युपिटरलाइटमध्ये तुम्ही नोटबुक उघडून काही चालवलं की ती जतन होते. कंट्रोल-एस दाबायचीही गरज नाही, थोड्या वेळाने आपोआप होते. पण मागे सर्व्हरच नाही, मग जतन कुठे? त्याच ब्राउझरच्या पोटात, इंडेक्स्डडीबी नावाच्या कोपऱ्यात. आणि एकदा तिथे प्रत पडली की पुढच्या वेळी तीच उघडते. साइटवर मी नवी नोटबुक ठेवू दे, पान रिफ्रेश करू दे, मशिन बंद-चालू करू दे. नाव तेच असेल तर ब्राउझर स्वतःची जुनी प्रतच पुढे करणार. जुन्या प्रतीच्या पहिल्या सेलमध्ये लायब्ररीची जुनी आवृत्ती नेमून दिलेली होती, त्यामुळे ती इमानदारीत जुनीच आवृत्ती उतरवून घ्यायची आणि इमानदारीत एकोणशंभर म्हणायची. महिन्यापूर्वीच्या पहिल्या सत्रात ज्या मशिनांवर मुलांनी नोटबुक उघडली होती त्या सगळ्यांवर हे भूत. उरलेली कोरी, म्हणून बरोबर.

आणि हे भूत दिसत नाही! कुठे 'ही तुमची स्थानिक प्रत आहे' असं लिहिलेलं नाही, रंग बदललेला नाही. डॉक्युमेंटेशनचं एकमेव काम म्हणजे आज जे खरं आहे ते सांगणं. ते माझ्या साइटवर, माझ्या नावाखाली, महिन्यापूर्वीचं खोटं सांगत बसतं आणि मला इकडून ते पुसता येत नाही. छापील पुस्तकात निदान आवृत्तीचं साल तरी असतं. मी लॅबमधल्या मामांना बोलावलं, म्हटलं, मामा, तीसही मशिनांवर ब्राउझरच्या हिस्टरीत जाऊन कुकीज आणि साइटचा डेटा पुसून टाका. त्यांनी अर्ध्या तासात पुसला. सगळीकडे नव्व्याण्णव. माझं मत तेव्हा असं होतं की पाचपैकी दोन तारे, काढून टाकणार, परत छापील कोडवर येणार.

इथपर्यंतचं ऑगस्टमध्ये रागात लिहून ठेवलं होतं. आता एप्रिल चालू आहे, नोटबुकं अजून आहेत, आणि वरच्या परिच्छेदात जे मोठ्या तोऱ्यात लिहिलंय त्यातली एक गोष्ट मी स्वतःच बिघडवली होती.

त्यानंतर आठवड्याने मामांचा फोन. "सर, ती माझी पावत्यांची फाइल कुठं गेली ओ?"

कसली फाइल? तर पहिल्या सत्रात मामा दारात उभं राहून बघत होते. मुलं गेल्यावर सतरा नंबरच्या मशिनवर त्यांनी तीच नोटबुक उघडली आणि रोज संध्याकाळी थोडं थोडं करत खाली स्वतःचे सेल जोडत गेले. मंडळाच्या वर्गणीची यादी, नाव आणि रक्कम, आणि प्रत्येक रकमेचं 'अक्षरी रुपये एक हजार एकशे एक फक्त'. ते वर्डमध्ये चिकटवायचे आणि पावत्या छापायच्या. पायथन त्यांनी कुठे शिकला असं विचारलं तर म्हणाले, वर लिहिलंय त्याचीच नक्कल खाली केली, फक्त आकडा बदलला. दीडशेच्या वर नावं होती. गणपती तोंडावर.

"सेव्ह केली होती की मी," ते म्हणाले. "तुमच्याकडं असंल की."

माझ्याकडे नव्हती. कधीच नव्हती. ती त्या सतरा नंबरच्या ब्राउझरच्या पोटात होती आणि मीच ती पुसायला लावली होती, तीही त्यांच्याच हाताने. त्याहून लागलं ते त्या रात्री नीट वाचल्यावर कळलेलं. सगळा डेटा पुसायची गरजच नव्हती. डावीकडच्या यादीत त्या एका फाइलीवर उजवं क्लिक करून ती डिलीट केली की स्थानिक प्रत जाते आणि साइटवरची मूळ परत दिसते. एक फाइल. तीस मशिनांचा कोपरा न् कोपरा नव्हे.

तेव्हापासून ज्याला मी भूत म्हणत होतो त्याबद्दल मला नीट शिव्या देता येत नाहीत. न लॉगिन, न खातं, न इन्स्टॉल, आणि महिनाभर एका माणसाचं काम जसंच्या तसं राहिलं. माझ्या भाड्याच्या सर्व्हरवर हे झालं नसतं. बाइंडरवर तर चहाला उठले असते तरी गेलं असतं. चीड आता एवढीच की 'सेव्ह' या शब्दावर माणूस जो विश्वास टाकतो, त्याच्या जवळपास कुठेतरी 'हे फक्त याच मशिनवर आहे' एवढं ठळक दिसायला हवं होतं. मी नोटबुकच्या पहिल्या सेलमध्ये तांबड्या अक्षरांत तसं लिहिलंय, फाइल डाउनलोड करून ठेवा असंही. कुणी वाचत नाही. मुलं पहिला सेल सरकवून थेट दुसऱ्यावर जातात.

जुन्या प्रतीवर माझा उतारा गावठी आहे, पण चालतो. दर आवृत्तीला नोटबुकच्या फाइलनावातच आवृत्तीचा आकडा घालतो. नाव बदललं की ब्राउझरकडे जुनी प्रत नसते, नवीच येते, आणि ज्याने जुनीत काही लिहिलंय त्याची फाइल डावीकडे यादीत तशीच राहते. फंक्शनच्या पानांवरच्या छोट्या उदाहरणांसाठी एक्स्टेन्शनचं 'ट्राय एक्झाम्पल्स' वापरतो. ते डॉकस्ट्रिंगमधल्या, म्हणजे कोडमध्येच फंक्शनसोबत लिहिलेल्या माहितीतल्या, उदाहरणांची नोटबुक स्वतः बनवतं आणि माझ्याकडच्या आवृत्तीत तरी दर बिल्डला तिला नवं नाव पडतं, म्हणजे भुताचा प्रश्नच नाही. हे मला जूनमध्ये कळलं असतं तर हा अर्धा लेख लिहावा लागला नसता.

एक किरकोळ तक्रार राहिली. आलेखावर मराठी लिहू नका. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब लायब्ररीच्या नेहमीच्या फाँटमध्ये देवनागरी नाही, चौकोनच चौकोन येतात. फाँट आणून घातला तर अक्षरं उमटली, पण 'कि'ची वेलांटी पलीकडे जाऊन पडली आणि जोडाक्षरं सुटी झाली. यात ज्युपिटरलाइटचा दोष नाही, घरच्या पायथनमध्येही तेच होतं. मी आलेख काढून टाकले. अंकांना आलेख कशाला हवेत म्हणा.

तारे आता चार. पाचवा फुकट आहे म्हणून द्यावासा वाटतो, पण मामांकडे बघून देत नाही.

मामांची यादी आम्ही दोघांनी दोन संध्याकाळी बसून पुन्हा भरली. मी नावं वाचायचो, ते आकडे टाकायचे. फाइल आता त्यांच्या पेनड्राइव्हवर आहे, आणि नावं काढून तिचीच एक प्रत माझ्या डॉक्युमेंटेशनच्या उदाहरणांत. छापलेली पहिली पावती त्यांनी माझ्याच नावाने फाडली. नव्व्याण्णव रुपयांची, मुद्दाम. अक्षरी नीट वाचून घेतलं आणि म्हणाले, "बराबर आलं. वरचे दोन द्या आता, एकशे एक करून टाकू."