चेकडिस्क, क्रिस्टलडिस्कइन्फो आणि डीडीरेस्क्यू: दुकानातल्या जुन्या डब्यावरचा अनुभव

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या डीटीपीच्या दुकानात पत्रिकांची गर्दी होते. नेमक्या त्याच आठवड्यात आमचा डबा, म्हणजे जुना कॉम्प्युटर, कुरकुरायला लागला. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज ७. पानं मांडायचं पेजमेकर, मराठी फाँटांची श्रीलिपी आणि तिचं डोंगल (परवान्याची खुंटी, जी जोडल्याशिवाय ती चालत नाही) या मशीनवर गुण्यागोविंदाने नांदतात, म्हणून इतकी वर्षं बदलला नाही. फाइल सेव्ह करायला गेलं की पडदा अर्धा मिनिट गोठायचा.

पहिली चूक माझीच. रात्री शटर ओढताना चेकडिस्क (विंडोजमधलीच डिस्क तपासायची सोय) स्लॅश आर लावून घरी गेलो, म्हणजे खराब जागाही शोधायला सांगून. सकाळी बघतो तर पाचपैकी चौथ्या टप्प्यात, २७ टक्क्यांवर अडकलेलं. गिऱ्हाईक दारात. नाइलाजाने बटण दाबून बंद केलं.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, आधी डिस्कची तब्येत बघायची, मग औषध." त्याने डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकायला सांगितलं. फुकट आहे, छोटं आहे, या डब्यावरही झटकन उघडतं. पिवळ्या रंगात 'सावधान'. सी५ च्या ओळीत, म्हणजे वाचताना अडलेल्या जागांच्या मोजणीत, ४८ दिसलं आणि मला वाटलं, ठीक आहे, पन्नासच्या आत आहे. पण हे आकडे सोळाच्या पायातले असतात! मेनूत जाऊन दहाच्या पायावर आणले तेव्हा कळलं की ते ७२ आहेत. म्हणजे ७२ सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) डिस्कला धड वाचता येत नव्हते. नवख्याला फसवणारी ही सोय मुळात का ठेवली असेल कोण जाणे. बाकी कार्यक्रम उत्तम. दुसऱ्या मशीनवर याच पडद्यावर सी७, म्हणजे डेटा ये-जा करतानाच्या चुकांचा आकडा, वाढताना दिसला, तो डिस्कचा नाही, वायरचा दोष निघाला. साटा केबल बदलली, आकडा थांबला. (तो कमी मात्र होत नाही, घाबरू नका.)

चेकडिस्कला वाईट म्हणणार नाही. त्याचं काम फाइलींची मांडणी दुरुस्त करणं. पण मरायला टेकलेल्या डिस्कवर स्लॅश आर म्हणजे दम लागलेल्या माणसाला गड चढायला लावणं. तो अख्खी डिस्क वाचत बसतो, आणि आपल्याला हवा असलेला डेटा त्याच धावपळीत जाऊ शकतो.

खरा हिरो डीडीरेस्क्यू, खराब डिस्कची नव्या डिस्कवर प्रत काढणारा. सिस्टमरेस्क्यूच्या (दुरुस्तीसाठीची लिनक्स, विंडोजशिवाय चालते) पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, नवी ५०० जीबीची डिस्क शेजारी जोडली. काळ्या पडद्यावर टाइप करायचं, माउस नाही. आणि इथे हात थरथरले पाहिजेत: आधी जुनी, मग नवी. उलटं लिहिलंत तर कोऱ्या डिस्कची प्रत जुनीवर बसेल. मी एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा) लिहून जुनी ३२० जीबीची कुठली आणि नवी ५०० ची कुठली हे तीनदा ताडून पाहिलं. हा गडी आधी सोपं-सोपं सगळं उचलतो, अडलेल्या जागा मागे ठेवतो आणि शेवटी त्यांच्यामागे लागतो. मॅपफाइल (कुठवर प्रत झाली याची नोंदवही) दिली असेल तर मध्येच वीज गेली तरी पुढून सुरू होतं. त्या दिवशी दुपारी गेलीच. मॅपफाइल मात्र वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, सिस्टमरेस्क्यूच्या रॅममध्ये ठेवली तर वीज गेल्यावर तीही गेली. संध्याकाळपर्यंत जेमतेम ४० केबी सोडून सगळं आलं. मग नव्या डिस्कवर चेकडिस्क स्लॅश एफ (फक्त मांडणी दुरुस्त करणारा), आणि पेजमेकर पहिल्या फटक्यात उघडलं.

तक्रार एकच. त्या ४० केबीत कुठली फाइल गेली हे डीडीरेस्क्यू सांगत नाही. मला पंधरा दिवसांनी कळलं, एका जुन्या गिऱ्हाइकाने २०१६ च्या वास्तुशांतीची पत्रिका 'तशीच्या तशी' मागितली तेव्हा.