डबल अ‍ॅडजस्टेबल शॉक, एक अख्खा सीझन वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाहीये, ड्रॅग रेसिंगच्या (उभ्या गाडीतून सुटून सरळ रेषेत लावायच्या शर्यतीच्या) गाडीतल्या या प्रकारच्या शॉकचा, म्हणजे शॉक अब्सॉर्बरचा आहे. डबल अ‍ॅडजस्टेबल म्हणजे रिबाउंडचा (शॉक उघडतानाच्या विरोधाचा) नॉब वेगळा आणि कॉम्प्रेशनचा (दबतानाच्या विरोधाचा) नॉब वेगळा. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, मागे सॉलिड अ‍ॅक्सल, फोर-लिंक (त्याला बॉडीशी जोडणारे चार दांडे) आणि कॉइलओव्हर (शॉकवरच बसवलेली स्प्रिंग), वजन ड्रायव्हर धरून साधारण १४०० किलो. आधी सिंगल अ‍ॅडजस्टेबल होते, एकच नॉब, फिरवला की दोन्हीकडे थोडंथोडं बदलायचं आणि नक्की कशामुळे फरक पडला ते कधीच कळायचं नाही.

माझा प्रॉब्लेम असा होता की गाडी लाइनवरून छान सुटायची, पहिले आठदहा फूट टायर घट्ट धरायचे, आणि मग एकदम सुटायचे. मी काय काय नाही केलं, लाँचचा (लाइनवरून सुटतानाचा) आरपीएम खाली आणला, टायरची हवा अर्धा अर्धा पीएसआय करत बदलली, बर्नआउट (सुटण्याआधी चाकं जागेवर फिरवून टायर तापवणं) लांब केला, इंजिनचं इग्निशन टायमिंग मागे घेतलं, म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. पहिल्या ६० फुटांना लागणारा वेळ १.५८ सेकंदांच्या आसपास अडकून बसला होता आणि प्रत्येक वेळी पॉवर कमी करून तो सुधारायचा प्रयत्न चालला होता, जे मनाला अजिबात पटत नव्हतं.

घोडं कुठे पेंड खातंय ते व्हिडिओने दाखवलं. फोन स्लो मोशनला, २४० फ्रेम पर सेकंद, ट्रायपॉडवर मागच्या चाकाच्या उंचीला लावायचा, फेंडरवर आणि टायरच्या साइडवॉलवर पांढऱ्या टेपच्या खुणा करायच्या, आणि फक्त पहिला अर्धा सेकंद बघायचा, म्हणजे १२० फ्रेम. माझ्या गाडीचं मागचं अंग लाँचला खाली बसत नव्हतं, उलट वर उचललं जात होतं. अ‍ॅक्सल खाली दाबला जातोय, बॉडी वर चाललीये, टायरला सुरकुत्या पडतायत, इथपर्यंत झकास. पण शॉक पटकन पूर्ण उघडून वर ठोकला जायचा, बॉडी तिथे थांबायची आणि परत खाली यायला लागायची, आणि बरोबर त्याच फ्रेमला टायरच्या सुरकुत्या जायच्या आणि चाक फिरायचं. म्हणजे पॉवर जास्त नव्हतीच, टायरवरचा दाब निघून जात होता!

हे समजल्यावर नवीन शॉक घेतले. आता ते काय करतात आणि काय करत नाहीत यावर जरा बोलतो, कारण लोक इथेच फसतात असं मला वाटतं. शॉक वजन तयार करत नाही. लाँचला पुढून मागे किती वजन जाणार हे गुरुत्वमध्याची उंची, व्हीलबेस आणि अ‍ॅक्सिलरेशन यांच्यावर ठरतं. वजन गुणिले उंची गुणिले जी (सुटतानाचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या किती पटीने वाढतो ते), भागिले व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर). १४०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, व्हीलबेस २.७ मीटर आणि लाँच दीड जीचा धरला तर साधारण ३९० किलो मागे जातात. उभ्या गाडीत मागे ४८ टक्के म्हणजे ६७२ किलो असतील तर ते १०६० च्या घरात पोचतात. नॉब कितीही फिरवा, या हिशोबात फारसा फरक पडत नाही, नाक वर आल्यावर उंची थोडी वाढते तेवढीच. नॉब ठरवतो ते हे वजन टायरवर किती झटक्यात येणार आणि किती वेळ टिकणार. सगळा खेळ वेळेचा आहे, आणि डबल अ‍ॅडजस्टेबलमध्ये ती वेळ तुमच्या बोटात येते.

मागचा रिबाउंड हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नॉब. ज्या गाडीत अँटी-स्क्वॉट १०० टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे लिंकच बॉडीला वर ढकलतात, तिथे लाँचला शॉक उघडतो. रिबाउंड मोकळा सोडला तर तो धाडकन उघडतो आणि टायरला जोरात तडाखा बसतो, घट्ट केला तर हळू उघडतो, तडाखा कमी पण दाब जास्त वेळ राहतो. त्यामुळे टायर कधी सुटतो ते आधी बघा. लाइनवरच जागच्या जागी फिरत असेल तर टायरला दाब उशिरा मिळतोय, रिबाउंड मोकळा करून बघायचा. माझ्यासारखं आधी धरून मग सुटत असेल तर दाब लवकर संपतोय, घट्ट करायचा. हे कळायला मला सिंगल शॉकवर दोन सीझन गेले आणि नवीन शॉकवर एक दुपार. नॉब दोन-दोन क्लिक (टप्पे) घट्ट करत गेलो, मधे दुसरं काहीच बदललं नाही, आणि सहा क्लिकनंतर व्हिडिओत टायरच्या सुरकुत्या पूर्ण वेळ टिकलेल्या दिसल्या. टाइमस्लिपवर (ट्रॅकवर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर) ६० फुटांना १.४९ सेकंद. त्या क्षणी अंगावर काटा आला खरंच, कारण लाँचचा आरपीएम मी परत पहिल्यासारखा वर नेलेला होता आणि गाडी तरीही सरळ रेषेत निघाली होती.

मागचं कॉम्प्रेशन दुसऱ्या टप्प्यात कामाला येतं. बॉडी वर जाऊन परत खाली येताना आणि दबलेला टायर उसळी घेताना, त्याला आवरायचं काम त्याचं. माझं फार मोकळं होतं तेव्हा ३० फुटांच्या पुढे गाडी मागून डुलायची, तीन क्लिक घट्ट केल्यावर शांत झाली.

पुढच्या शॉकचं तर वेगळंच. जुन्या ९०/१० शॉकमध्ये कॉम्प्रेशनला भरपूर विरोध आणि उघडताना जवळजवळ काहीच नाही, नाक पटकन वर यावं आणि वरच राहावं ही त्यामागची कल्पना, पण ते प्रमाण कारखान्यातूनच ठरून यायचं. आता ते आपण ठरवतो. मी आधी पुढचा रिबाउंड पूर्ण मोकळा ठेवायचो, नाक जितकं वर तितकं चांगलं वाटायचं. दिसायला भारी दिसतं, पण पुढचं सस्पेन्शन वर जाऊन ठोकलं गेलं की चाकं हवेत जातात नाहीतर नाक आपटून खाली येतं, आणि दोन्ही वेळा मागचा दाब हलतो. शॉकच्या रॉडला झिप टाय बांधून ट्रॅव्हल मोजा, पूर्ण टोकापर्यंत जात असेल तर घट्ट करा. मी चार क्लिक घट्ट केल्यावर नाक कमी उचललं गेलं आणि गाडी जास्त जोरात गेली, हे माझ्या मित्राला टाइमस्लिप बघेपर्यंत पटत नव्हतं.

आता तक्रारी. पहिली, माझ्या जोडीतले दोन्ही मागचे शॉक एकाच क्लिकवर सारखे नव्हते. हाताने दाबूनच फरक जाणवत होता, शॉक डायनोवर (शॉकचा विरोध मोजणाऱ्या यंत्रावर) लावल्यावर ग्राफमध्ये स्पष्ट दिसलं. विकणाऱ्याने आधी टाळाटाळ केली, ग्राफ पाठवल्यावर बदलून दिले. एवढ्या वरच्या दर्जाचा माल म्हणून विकता तर प्रत्येक शॉकचा डायनो ग्राफ डब्यातच पाहिजे, ही माझी ठाम अपेक्षा आहे. दुसरी, रिबाउंडचा नॉब फिरवला की कॉम्प्रेशन पण थोडं सरकतं. सिंगलपेक्षा कितीतरी कमी, पण शून्य नाही, आणि शेवटच्या दोनतीन क्लिकमध्ये जास्त. तिसरी, माहितीचा कागद. त्यात फक्त मधल्या क्लिकपासून सुरू करा एवढंच लिहिलंय, क्लिक पूर्ण घट्टपासून मोजायचे की पूर्ण मोकळ्यापासून हे सुद्धा नाही! मी नेहमी पूर्ण घट्टपासून मोजतो आणि वहीत तसंच लिहितो, तुम्ही कसंही मोजा पण कायम एकाच बाजूने. बसवताना नॉब आतल्या बाजूला करा, बाहेर ठेवले तर मोठ्या स्लिकच्या (खाचा नसलेल्या रेसिंग टायरच्या) मागे हात जात नाही आणि बर्नआउटचं रबर नॉबमध्ये जाऊन बसतं, माझा एक त्यामुळे जाम झाला होता.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, बाकीचं सस्पेन्शन ढिलं असेल तर हे शॉक घेऊ नका. लिंकच्या रॉड एंडमध्ये (टोकाच्या सांध्यांमध्ये) खेळ असेल, बुश गेलेले असतील, तर नॉब फिरवून काही कळणार नाही. सॉलिड अ‍ॅक्सलला ड्राइव्हशाफ्टचा टॉर्क उजवं मागचं चाक उचलायला बघतो, त्यासाठी मागचा अँटी-रोल बार (गाडी एका बाजूला कलू न देणारा दांडा) आणि त्याचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण) आधी नीट करा, चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून आणि ड्रायव्हर आत बसवून. गाडी लाँचला तिरकी उठत असेल तर ते काम शॉकचं नाही. स्प्रिंग सुद्धा आधी ठरवा, कारण शॉकची रेंज ठराविक स्प्रिंगसाठीच असते, नंतर खूप कडक किंवा खूप मऊ टाकली तर क्लिक संपतात.

टायर बायस-प्लाय स्लिक आहेत की ड्रॅग रेडियल यावर पण बरंच अवलंबून आहे. स्लिकला तडाखा चालतो, साइडवॉल दबते, थोडं फिरलं तरी परत धरतात. रेडियलची साइडवॉल कडक, त्यांना दाब हळूहळू आणि सलग लागतो, एकदा सुटले की परत धरणं अवघड. मी सीझनच्या शेवटी रेडियल लावले तेव्हा स्लिकचं सेटिंग तसंच ठेवून पहिला रन मारला आणि ६० फुटांच्या आतच पॅडल सोडावं लागलं. मागचा रिबाउंड अजून तीन क्लिक घट्ट केल्यावर गाडी ताळ्यावर आली.

सीझननंतर चारही शॉक उघडून तेल आणि सील बदलायला दिलेत. मागच्या दोघांचं तेल काळं झालेलं निघालं, पुढच्यांचं जवळजवळ नव्यासारखं. परत येताना नवीन ग्राफ मागितलेत, ते आले की आधी जुन्या ग्राफवर ठेवून बघणार आणि मगच वहीतले क्लिक परत लावणार.