शेअरपॉइंट किंवा गूगल ड्राइव्हला एआय एजंट जोडण्याचे तीन मार्ग: एक तुलनात्मक आढावा

मध्यम आकाराचे एखादे कार्यालय, मग ती कायदेविषयक सल्ला देणारी संस्था असो किंवा बांधकाम कंपनी, आपले करार, निविदा आणि पत्रव्यवहार शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टचा ऑनलाइन दस्तऐवजसाठा) किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवते. या साठ्यातून माहिती शोधून देणारा एआय एजंट आणायचे ठरले, की तीन मार्ग समोर येतात. पहिला मार्ग म्हणजे साठा ज्या कंपनीचा, तिचाच तयार सहायक वापरणे: शेअरपॉइंटसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट, ड्राइव्हसाठी जेमिनी. दुसऱ्या मार्गात आपल्या पसंतीचा एजंट एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, या प्रमाणित पद्धतीने साठ्याशी जोडला जातो आणि फाइली जागच्या जागी वाचल्या जातात. तिसऱ्या मार्गात सर्व दस्तऐवजांतील मजकूर बाहेर काढून, त्याचे तुकडे करून स्वतःचा इंडेक्स, म्हणजे शोधसूची, उभारला जातो आणि एजंट त्या इंडेक्समध्ये शोध घेतो.

उत्पादनाच्या सादरीकरणात उत्तरे किती चपखल येतात यावर भर असतो. निवड करणाऱ्याने मात्र आधी असे विचारावे, की एजंट फाइल उघडतो ती कोणाच्या अधिकाराने, आणि एखाद्या कर्मचाऱ्याचा अधिकार काढून घेतल्यावर त्याच्यासाठी काम करणाऱ्या एजंटचा अधिकारही लगेच जातो का. उत्तराचा दर्जा मॉडेल बदलून पुढे सुधारता येतो, पण अधिकाराची मांडणी एकदा चुकली की ती दुरुस्त करायला सगळी जोडणी उकलावी लागते.

तयार सहायकाची बाजू या कसोटीवर भक्कम आहे. कोपायलट विचारणाऱ्याच्याच लॉगिनवर चालतो आणि त्याला जे वाचता येते तेवढेच वाचतो, त्यामुळे वेगळी प्रत नाही आणि वेगळी परवानगीयादीही नाही. अडचण जुन्या परवानग्यांची असते. कधीतरी घाईत संपूर्ण संस्थेला खुला केलेला पगारपत्रकांचा फोल्डर वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस पडत नाही, कारण त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. सहायकाला मात्र नाव ठाऊक असण्याची गरज नसते, साधा प्रश्न पुरतो. यासाठी मायक्रोसॉफ्टने रिस्ट्रिक्टेड शेअरपॉइंट सर्च ही सोय दिली आहे, जिच्यात संस्थाव्यापी शोध जास्तीत जास्त १०० निवडक साइटींपुरता (साइट म्हणजे शेअरपॉइंटमधील एखाद्या विभागाची किंवा गटाची जागा) मर्यादित ठेवता येतो. ती तात्पुरती उपाययोजना आहे. परवानग्यांची साफसफाई टळत नाही. खर्च वापरकर्त्यागणिक परवान्याचा असतो, आणि कार्यालयाची निम्मी कागदपत्रे दुसऱ्याच एखाद्या प्रणालीत असतील तर या सहायकाला तिथवर नेणे कष्टाचे ठरते.

एमसीपी हा प्रोटोकॉल अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला आणि २०२५ मध्ये ओपनएआयसह इतर मोठ्या कंपन्यांनीही तो स्वीकारला. त्यात एक सर्व्हर एजंटपुढे ‘शोधा’, ‘फाइल वाचा’ अशी मोजकी साधने ठेवतो आणि एजंट गरजेनुसार ती वापरतो. ‘चाकणच्या गोदामाच्या भाडेकराराची मुदत कधी संपते?’ असे विचारल्यावर एजंट आधी ‘भाडेकरार चाकण’ असा शोध घेईल. काही हाती लागले नाही तर ‘करारनामा’, ‘लीव्ह अँड लायसन्स’ अशा शब्दांनी पुन्हा पाहील, तीन फाइली सापडल्या तर त्या उघडून सही झालेली प्रत कोणती हे तपासेल आणि मग तारीख सांगेल. शोध मूळ प्रणालीचाच असल्याने तिच्या मर्यादाही येतात. मराठीत ‘करार’, ‘कराराची’, ‘करारान्वये’ अशी शब्दाची रूपे पालटतात आणि शब्दशः जुळणी पाहणारा शोध इथे चुकू शकतो. वेगवेगळी रूपे घालून पाहण्याची एजंटची चिकाटी ही उणीव बरीचशी भरून काढते, पण प्रत्येक फेरीला वेळ लागतो. विनंत्या फार झाल्या तर मायक्रोसॉफ्ट ग्राफ, म्हणजे ॲपना शेअरपॉइंटमधील माहिती पुरवणारी सेवा, ४२९ हा संकेत देऊन थांबायला लावतो, हेही गृहीत धरावे.

या मार्गावर सगळे काही जोडणी कशी नोंदवली यावर ठरते. शेअरपॉइंटच्या बाबतीत ॲपला दोन प्रकारे अधिकार देता येतो. वापरकर्त्याच्या वतीने दिलेल्या अधिकारात ॲपची परवानगी आणि त्या माणसाची परवानगी या दोहोंत जे सामाईक असेल तेवढेच एजंटला दिसते. ॲपच्या स्वतःच्या नावाने दिलेल्या अधिकारात माणसाचा संबंधच उरत नाही, आणि तिथे ‘साइट्स डॉट रीड डॉट ऑल’ ही परवानगी दिली तर संस्थेतील प्रत्येक साइट एजंटपुढे उघडी होते, प्रश्न नवख्या प्रशिक्षणार्थीने विचारलेला असला तरी. दुसरा प्रकार उभारायला सोपा असल्याने चाचणीच्या वेळी तोच निवडला जातो आणि पुढे तसाच राहून जातो. ॲपचाच अधिकार देणे भाग असेल, तर निदान ‘साइट्स डॉट सिलेक्टेड’ मागावी, म्हणजे ॲडमिन ठरवून देईल त्याच साइटी दिसतील. गूगल ड्राइव्हमध्ये याच्या जवळची सोय म्हणजे ‘ड्राइव्ह डॉट फाइल’ हा मर्यादित अधिकार: वापरकर्त्याने त्या ॲपसाठी स्वतः निवडलेल्या किंवा ॲपने निर्माण केलेल्या फाइलीच त्यात येतात. संपूर्ण ड्राइव्ह शोधणाऱ्या एजंटला तो पुरणार नाही, पण एका खटल्याची किंवा एका प्रकल्पाची कागदपत्रे अभ्यासायची असतील तर तोच योग्य आहे.

एमसीपी सर्व्हर कोणाचा, हेही पाहावे लागते. अँथ्रॉपिकने नमुना म्हणून दिलेला ड्राइव्हचा सर्व्हर पुढे संग्रहात टाकला गेला, म्हणजे त्याची देखभाल थांबली. अशा न सांभाळलेल्या किंवा अनोळखी हातांनी लिहिलेल्या सर्व्हरवर कार्यालयाचे करार सोपवू नयेत.

स्वतःच्या इंडेक्सचे सामर्थ्य अर्थावरून शोधण्यात आहे. ‘पुरवठादाराने उशीर केल्यास आम्हाला काय मिळते?’ या प्रश्नावर तो ‘विलंबाबद्दल नुकसानभरपाई’ हे कलम शोधून काढतो, प्रश्नातला एकही शब्द त्यात नसला तरी. हजारो करार एकत्र ताडून पाहायचे असतील तर याला पर्याय नाही, हे मान्य करायला हवे. पण इथे मूळ साठ्याची प्रत तयार होते आणि त्या प्रतीवर परवानग्या आपोआप येत नाहीत. त्या प्रत्येक तुकड्यासोबत नोंदवून ताज्या ठेवाव्या लागतात. बदललेल्या फाइलींची यादी ग्राफच्या डेल्टा विनंतीतून किंवा ड्राइव्हच्या चेंजेस सुविधेतून मिळते, त्यामुळे मजकूर ताजा ठेवणे फारसे अवघड नाही. खरी अडचण गटांची आहे. एखाद्या सहकाऱ्याला ‘विलीनीकरण’ गटातून वगळले, तर त्या गटाच्या फाइलींपैकी एकीलाही हात लागलेला नसतो; बदललेल्या फाइलींची यादी कोरी येते आणि इंडेक्सला काहीच कळत नाही. गटांची सदस्यता स्वतंत्रपणे तपासणारी व्यवस्था लिहिली नाही, तर तो माणूस एजंटला विचारून काल बंद झालेली कागदपत्रे आजही वाचू शकतो. कंत्राटदाराला दर मागताना हा भाग त्याने कसा सोडवला आहे हे लेखी घ्यावे.

प्रतीचा कायदेशीर भारही असतो. भारताचा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एखाद्याची वैयक्तिक माहिती पुसायची वेळ आली तर ती मूळ फाइलीतून आणि इंडेक्समधून, दोन्हीकडून पुसली गेली हे दाखवता आले पाहिजे.

मराठी कार्यालयांपुढचा एक प्रश्न तिन्ही मार्गांना सारखाच लागू आहे. युनिकोड ही अक्षरांची प्रमाणित संकेतपद्धती रूढ होण्याआधीची असंख्य कागदपत्रे श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत बनलेली आहेत. अशी पीडीएफ पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण तिच्यातील ओळ निवडून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांची सरमिसळ हाती येते, आणि पीडीएफचा मजकूर थेट काढणाऱ्या व्यवस्थेला तेवढेच दिसते. शोधात ती फाइल सापडत नाही आणि ‘असा करार नाही’ असे ठाम उत्तर येते. जोडणीआधी प्रत्येक जुन्या फोल्डरातील काही फाइलींवर ही चाचणी करावी आणि नापास झालेल्या फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात किंवा पानांची प्रतिमा करून ओसीआरमधून, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीतून, काढाव्यात.

धोक्याच्या बाबतीतही कोणताच मार्ग निर्धोक नाही. जून २०२५ मध्ये ‘इकोलीक’ हा मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलटमधील दोष जाहीर झाला, ज्याची सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीतील नोंद सीव्हीई-२०२५-३२७११ अशी आहे. बाहेरून आलेल्या ईमेलमध्ये दडवलेल्या सूचना सहायकाने पाळाव्यात आणि वापरकर्त्याने कुठेही क्लिक न करता आतील माहिती बाहेर जावी, असा तो हल्ला होता. मायक्रोसॉफ्टने तो आपल्या बाजूने दुरुस्त केला. पुरवठादाराने पाठवलेल्या पीडीएफमध्ये पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत अशीच सूचना असू शकते. गोपनीय फाइली वाचण्याची मुभा, बाहेरच्यांचा मजकूर आणि बाहेर काही पाठवण्याचे साधन ही तिन्ही एकाच एजंटकडे असली की हल्ल्याला वाट मिळते. एमसीपी जोडणीत यातले तिसरे साधन न देणे आपल्या हातात असते, आणि मला हा तिचा मोठा गुण वाटतो.

म्हणून सगळे काम एकाच कंपनीच्या प्रणालीत असेल आणि परवानग्या आवरण्याची तयारी असेल, तर तयार सहायक घ्यावा. कागदपत्रे दोनतीन ठिकाणी विखुरलेली असतील, तर वापरकर्त्याच्या अधिकाराने चालणारी आणि केवळ वाचणारी एमसीपी जोडणी मी सुचवेन. इंडेक्स उभारावा तो एखाद्या ठरावीक, फारशा न बदलणाऱ्या संग्रहासाठी, उदाहरणार्थ निकाली निघालेल्या प्रकरणांसाठी, जिथे वाचणाऱ्यांची यादी स्थिर असते.

लिहिण्याचा अधिकार सुरुवातीला कोणत्याच मार्गावर देऊ नये. पुढे द्यावा लागला, तर एजंटला मसुद्यांचा स्वतंत्र फोल्डर द्यावा आणि तिथून मूळ जागी फाइल हलवण्याचे काम माणसाकडे ठेवावे. पुसलेली फाइल शेअरपॉइंटच्या कचरापेटीतून ९३ दिवस परत आणता येते, ड्राइव्हमध्ये ती मुदत ३० दिवसांची आहे. वर्डच्या किंवा पीडीएफच्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही ड्राइव्ह ३० दिवसांनंतर किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर काढून टाकू शकतो. वर्षातून एकदाच उघडल्या जाणाऱ्या करारातील बदल लक्षात येईपर्यंत ही मुदत उलटून गेलेली असेल, तेव्हा लिहिण्याचा अधिकार देण्याआधी साठ्याचा स्वतंत्र बॅकअप सुरू झालेला असला पाहिजे.