तीन शेक, एक सुई आणि पाचपैकी साडेतीन तारे

आण्णांना फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. पेम्ब्रोलिझुमॅबची (इम्युनोथेरपीची) सुई दर तीन आठवड्यांनी चालू होती. आठ महिने गाठ दबून राहिली, मग पुन्हा वाढायला लागली. (सुईच्या किमतीवर बोलतच नाही. दोन एकर त्यातच गेलं.) डॉक्टर म्हणाले, सुई चालू ठेवू आणि जोडीला एका गाठीला शेक, म्हणजे रेडिएशन, देऊ. सेलूहून रेल्वेनं संभाजीनगर गाठलं. दवाखाना खासगी, नाव मुद्दाम टाकत नाही.

सगळ्यात चांगलं काय वाटलं, तर डॉक्टरांचं बोलणं. शेकानं गाठीतल्या पेशी फुटतात, त्यांचे तुकडे बघून अंगातल्या पांढऱ्या पेशींना शत्रू ओळखू येतो, आणि सुई त्या पेशींना लागलेला ब्रेक सोडते. कधीमधी शेक न दिलेली लांबची गाठही आटते. त्याला 1953 पासून ‘ॲबस्कोपल’ म्हणतात. पण लगेच बजावलं, त्यावर हिशेब मांडू नका. नेदरलँड्सच्या अभ्यासात सुईआधी शेक घेतलेल्यांपैकी 36 टक्के लोकांच्या गाठी आटल्या, नुसत्या सुईवर 18 टक्के. तरी त्यांनी आधी ठरवलेली पातळी काही गाठली गेली नाही. शिवाय ती माणसं सुई पहिल्यांदाच घेणारी. आण्णांसारख्या सुई चालेनाशी झालेल्यांवरचा अमेरिकेतला अभ्यास 2022 मध्ये आला, त्यात शेकाचा जादा फायदा दिसलाच नाही.

आण्णांनी सरळ विचारलं, “मंग कशाला द्यायलाव, डॉक्टरसाहेब?”

“ही गाठ श्वासनळीकडं सरकलीय. ती तरी आवरू. बाकी मिळालं तर वरकड.”

इतकं खरं आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

शेक तीनच, एकाआड एक दिवस, दर वेळी 8 ग्रे (किरणांचं माप). आधी पाठीखाली अंगाच्या मापाची गादी केली, छातीवर शाईच्या रेघा मारल्या. रेघा पुसतील म्हणून आण्णांनी सहा दिवस अंगाला पाणी लावलं नाही. आई म्हणाली, पंढरीच्या वाटेवरसुद्धा असे राहिले नव्हते. मशीनवरची पोरगी गुणाची. “आबा, श्वास रोजच्यासारखा घ्या,” एवढंच, पण हात धरून.

आता तक्रार. दुसऱ्या दिवशी नंबर दहाचा, मशीन चालू झालं तीनला, आणि का ते कुणी सांगेना. बिलात गादीचे पैसे वेगळे. पण खरा राग फोनचा. शेक आणि सुई दोन्हींनी फुफ्फुसाला सूज येऊ शकते, कोरडा खोकला आला की लगेच कळवा, असं त्यांनीच सांगितलेलं. आठव्या आठवड्यात रात्री खोकला उठला, दिलेला नंबर सात वेळा लावला. उचलला नाही. सकाळी सीटी केला, सूज नव्हती, नशीब.

तिसऱ्या महिन्याच्या सीटीत शेकाची गाठ बारीक झाली होती. लिव्हरमधली आहे तेवढीच, वाढलीही नाही.

जाणार असाल तर सकाळचा पहिला नंबर मागा. आणि जुनी बनियन घालून न्या, ती शाई निघत नाही.