किंग ऑफ ड्रॅगन पास : देवांच्या संसारावरून वाद घालायला लावणारा गेम

गेम १९९९ चा आहे, ए शार्प नावाच्या छोट्या कंपनीने काढलेला, आता स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर मिळतो आणि मोबाईलवर पण आला. थ्रीडी वगैरे काही नाही, हाताने काढलेली चित्रं आणि वाचायला भरपूर इंग्लिश मजकूर, बस. तरी ज्याला पुराणकथांची खरी आवड आहे त्याने हा खेळलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि ते मुख्यतः ऑरलांथ आणि एर्नाल्डा या नवरा-बायकोमुळे.

हे सगळं घडतं ते ग्लोरांथा नावाच्या जगात, ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९६६ पासून रचत आणलेलं जग. यात तुम्ही कुणी एक हिरो नसता, अख्खं कुळ सांभाळता, म्हणजे गुरं, शेती, शेजारच्या कुळांशी भांडणं, सोयरिकी, सगळंच. सल्ला द्यायला सात जणांचं मंडळ असतं आणि जो तो आपापल्या देवाच्या स्वभावाने बोलतो. ऑरलांथ वादळाचा देव, देवांचा राजा, त्याचं म्हणणं मारामारीचा मार्ग कायम मोकळा असतो. एर्नाल्डा धरणी, त्याची बायको, तिचं म्हणणं दुसरा मार्ग नेहमीच असतो. आता गुरं चोरायला कुणी आलं की या दोघांचे भक्त मंडळात समोरासमोर येतात आणि निर्णय तुम्हाला घ्यायचा, आणि दोघांचंही म्हणणं पटतं हो!

पण गेमचा जीव आहे हिरोक्वेस्टमध्ये. तुमच्या कुळातला एखादा माणूस देवाच्या कथेत शिरतो आणि देवाने केलं तेच करायचा प्रयत्न करतो. त्यासाठी आधी बळी देऊन कथा मिळवायची, नीट वाचायची, लक्षात ठेवायची. चुकलात तर माणूस जखमी होऊन किंवा हात हलवत परत. ऑरलांथ अरोका नावाच्या निळ्या ड्रॅगनला मारून त्याने गिळलेल्या पावसाच्या देवाला, हेलरला सोडवतो ती कथा वाचताना आपल्याला इंद्र आणि वृत्र आठवणारच. आणि एर्नाल्डाची स्वतःची कथा वेगळी आहे, टोळीला जेवू घालण्याची, तिथे ऑरलांथसारखं वागून चालत नाही. बायको देवी म्हणून तिला नवऱ्याच्या कथेत कोपऱ्यात बसवलेलं नाही हे मला फार आवडलं.

आता वादाचा मुद्दा. ऑरलांथचे लोक सांगतात, एर्नाल्डा सूर्यसम्राट येल्मच्या दरबारात अडकली होती, ऑरलांथने सम्राटाला मारलं आणि तिला सोडवलं. सम्राटाचे लोक म्हणतात कसली सुटका, तो बंडखोर, त्याच्यामुळे जग अंधारात गेलं. आणि एस्रोलिया नावाच्या देशात, जिथे बायकांचं राज्य आहे, तिथे एर्नाल्डाच मोठी, ऑरलांथ तिच्या नवऱ्यांपैकी एक. जागरणात म्हाळसा-बाणाईचं भांडण ऐकत वाढलेल्या माणसाला यात काही विचित्र वाटणार नाही, एकाच देवाचा संसार कोण सांगतंय त्यावर सगळं असतं.

गेम खेळणारे खूप जण ऑरलांथवाली बाजूच खरी धरून चालतात, एर्नाल्डाने नवऱ्याला निवडलं की नवऱ्याने तिला जिंकून आणलं यावर तावातावाने बोलतात. मला जिंकून आणल्याची गोष्ट अजिबात पटत नाही, आणि त्याचं कारण त्यांच्याच कथेत आहे. सम्राट मेला तिथे कथा संपायला पाहिजे होती ना, सुटका झाली, सुखाने नांदले. पण तसं होत नाही, सूर्य गेल्यावर सगळं जग मरायला टेकतं, खुद्द धरणी निपचित पडते, मग ऑरलांथला पाताळात उतरून ज्याला मारलं त्याच सम्राटाशी समेट करावा लागतो, तेव्हा पहाट होते. म्हणजे शेवटी तो चालला कुणाच्या मार्गाने? बायकोच्याच की. तिचं म्हणणं इतकं बरोबर ठरवणारी कथा तिला लुटीचा माल कशी समजेल?

तक्रार एकच पण मोठी आहे. गेममध्ये हिरोक्वेस्ट नऊ आहेत आणि त्यात सम्राटवधाची कथा नाही, ज्या प्रसंगावर सगळा वाद उभा आहे तो आपल्याला खेळायलाच मिळत नाही, नुसता वाचायला. तो एर्नाल्डाच्या बाजूने खेळता आला असता तर काय बहार आली असती. बाकी इंग्लिश जड आहे, घाईत वाचणाऱ्याला झेपणार नाही, आणि सुरुवातीला कुळाचा इतिहास ठरवायचे प्रश्न येतात ते पटापट क्लिक करून टाकू नका, पुढे सगळीकडे त्याचा परिणाम दिसतो.

हा आवडला तर त्याच लोकांचा सिक्स एजेस घ्या, २०१८ चा. त्यात तुमचं कुळ सम्राटाच्या बाजूच्या घोडेवाल्यांचं आणि ऑरलांथला मानणारे लोक शेजारी, म्हणजे बंडखोर ते. आधी ड्रॅगन पास मात्र पूर्ण करा, मग तिकडे गेल्यावर त्याच ऑरलांथबद्दल तुमच्या मंडळातले लोक काय बोलतात ते वाचा.