मास्कवाली मेटाबॉलिक टेस्ट: हौशी रनरने करावी का?

सगळे सांगतात ८० टक्के ट्रेनिंग इझी ठेव, पण इझी म्हणजे नक्की किती हे कोणी धड सांगत नाही, जास्तीत जास्त हार्ट रेट काढायचा २२० वजा वय हा फॉर्म्युला तर माणसागणिक दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो, म्हणून शेवटी लॅबमध्ये जाऊन टेस्ट करून घेतली.

ट्रेडमिलचा स्पीड दर काही मिनिटांनी वाढवतात आणि मशीन तुम्ही किती ऑक्सिजन वापरताय, किती कार्बन डायऑक्साइड सोडताय ते मोजत राहतं. सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन, हे गुणोत्तर ०.७ च्या आसपास म्हणजे मुख्यतः फॅट जळतंय, १ कडे सरकलं की कार्ब्स. माझा आकडा गप्पा मारता येतील अशा स्पीडलाच ०.९ च्या वर! मास्क मात्र नाकावर जाम रुततो, आत घाम साठतो, आणि घसा कोरडा पडला तरी पाणी पिता येत नाही.

रिपोर्टमधल्या झोन्समुळे (म्हणजे कुठल्या रनला हार्ट रेट किती ठेवायचा त्या पट्ट्यांमुळे) इझी रन बरेच स्लो झाले, ग्रुपवाले हसतात, हसू देत, पण इंटरव्हलच्या (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून पळायच्या) दिवशी पाय ताजे असतात. तक्रार एकच, उपाशी यायचं की खाऊन हे बुकिंगच्या वेळी सांगितलंच नाही. आदल्या दिवशी भरपूर कार्ब्स हाणले की गुणोत्तर वर जातं आणि फॅटचा आकडा कमी दिसतो, एवढं तरी सांगायचं ना राव! व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, मोठ्ठ्या अक्षरात छापलंय, त्याचं मला फारसं कौतुक नाही. पुन्हा करणार ती सीझन संपल्यावर, त्याच मशीनवर आणि तेच खाऊन, नाहीतर तुलना कशाशी करणार.