पोर्टफोलिओ मॅनेजर: दारावर ‘बी’, हिशेबात दंड

क्वीन्समधल्या आमच्या को-ऑपचा मी खजिनदार. को-ऑप म्हणजे आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीचं चुलत भावंड. साठेक फ्लॅट, साठ हजार स्क्वेअर फूट, तळघरात वाफेचा जुना बॉयलर. २५ हजार स्क्वेअर फुटांवरच्या बहुतेक इमारती न्यूयॉर्कच्या लोकल लॉ ९७ मध्ये, म्हणजे इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या कायद्यात, येतात, तशी आमचीही आली. कायदा २०१९ चा, मर्यादा लागू झाल्या २०२४ पासून. वर्षाचा कार्बन मर्यादेबाहेर गेला की जादा प्रत्येक मेट्रिक टनाला २६८ डॉलर दंड, आणि तो दरवर्षी.

पूर्वी लोकल लॉ ८४ चा, म्हणजे इमारतीच्या ऊर्जावापराचा, वार्षिक अहवाल सल्लागार १ मेच्या आत भरून टाकायचा. आत काय भरलंय, हे बोर्डात (को-ऑपच्या कमिटीत) कोणाला ठाऊक नसे. गेल्या हिवाळ्यापासून मी एनर्जी स्टार पोर्टफोलिओ मॅनेजर स्वतः चालवतोय. हे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं, म्हणजे ईपीएचं, फुकट साधन आहे. दिसायला जुन्या बँकेच्या वेबसाइटसारखं. त्याची सवय आठवड्याभरात होते.

सुरुवातीचा वेळ इमारतीची माहिती भरण्यात जातो आणि तिथे घाई करू नये. दहा आकडी बीबीएल (बरो, ब्लॉक आणि लॉट मिळून) नीट टाकला नाही तर शहराच्या यादीशी इमारत जुळत नाही. क्षेत्रफळात तळघर, जिने, लॉबी सगळं धरायचं. पार्किंग वेगळं दाखवायचं. हा आकडा महत्त्वाचा, कारण मर्यादा स्क्वेअर फुटावर ठरते. निवासी इमारतींना सध्या वर्षाला दर स्क्वेअर फुटामागे ६.७५ किलो कार्बन. आम्हाला म्हणजे ४०५ टन.

विजेचं काम सगळ्यात सोपं. भाडेकरू असो की मालक, प्रत्येकाचं बिल वेगळं असलं तरी वीज कंपनी अख्ख्या इमारतीची बेरीज थेट खात्यात चढवते. कोणाच्या घरी किती एसी चालतो ते कोणाला कळत नाही आणि कोणाच्या मागे बिलांसाठी लागावंही लागत नाही.

खरा घोळ तेलाचा. आमचा बॉयलर गॅस आणि तेल दोन्हींवर चालतो. कडाक्याची थंडी पडली की आमच्या दराच्या योजनेत गॅस बंद ठेवून तेलावर जावं लागतं. तेल मीटरने येत नाही, ट्रकने येतं. त्यामुळे नोंद जळालेल्या तेलाची होत नाही, टाकीत ओतलेल्या तेलाची होते. डिसेंबरअखेर टाकी भरली तर जानेवारीत जळणारं तेलही सरत्या वर्षाच्या नावावर चढतं. त्यात आमच्या तेलवाल्याच्या बिलावर ट्रक आल्याची तारीख नसते, फक्त बिलाची. आता आमचा सुपर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, ट्रक आला की टाकीच्या काट्याचा फोटो पाठवतो. एवढी एक सवय लागली आणि तेलाचा रकाना सरळ झाला.

आता मुद्दा. पोर्टफोलिओ मॅनेजर इमारतीच्या ऊर्जावापराला स्कोअर देतो, आमचा ७२ आला. शंभरपैकी ५० म्हणजे देशातली मधली इमारत. शहराच्या नियमाप्रमाणे ७० ते ८४ ला ‘बी’, आणि तो कागद प्रवेशद्वाराजवळ लावावा लागतो. लोक खूश. बोर्डाच्या बैठकीत तर एकाने विषयच संपवला: बी आहे ना, मग बॉयलरवर खर्च कशाला?

पण स्कोअर आणि दंड यांचं गणितच वेगळं आहे. स्कोअर ‘सोर्स एनर्जी’वर काढतात. वीज तयार होताना आणि तारांतून येताना जे वाया जातं ते धरून विजेच्या प्रत्येक युनिटला २.८० ने गुणतात, गॅसला फक्त १.०५ ने. म्हणजे इथे गॅस जाळणारा फायद्यात. कायद्याचं उलट. तिथे वापरावरून कार्बन काढायचे वेगळे गुणक आहेत; २०३० पासून त्यातला विजेचा गुणक जवळपास निम्म्यावर येतो, किलोवॅट-तासाला ०.२८९ किलोवरून ०.१४५ वर. गॅसचा आहे तिथेच राहतो. आणि त्याच वर्षी निवासी मर्यादा ६.७५ वरून सुमारे ३.३५ वर उतरते.

आमचे आकडे घालून पाहिले. गॅस ४० हजार थर्म (थर्म हे गॅसच्या बिलातलं उष्णतेचं एकक), म्हणजे २१२ टन कार्बन. तेल चार हजार गॅलन, ४१ टन. वीज अडीच लाख युनिट, आजच्या गुणकाने ७२ टन. एकूण ३२५, मर्यादा ४०५, आज निवांत. २०३० मध्ये वीज आपोआप ३६ वर येईल, बेरीज २९०. पण मर्यादा २०१. म्हणजे ८९ टन जादा, सुमारे २४ हजार डॉलर दरसाल. एकट्या गॅसनेच मर्यादा ओलांडली जाते. दारावर मात्र ‘बी’.

हे स्कोअरच्या पानावर दिसत नाही. तिथला हरितगृह वायूंचा आकडाही ईपीएच्या गुणकांनी काढलेला असतो, शहराच्या नव्हे. त्यासाठी ईपीएचंच बिल्डिंग एमिशन्स कॅल्क्युलेटर आहे, त्यात स्वतःचे गुणक घालता येतात. मी मात्र साध्या एक्सेलमध्ये करतो; चार ओळींचं काम आहे, आणि बोर्डाला सूत्र उघडून दाखवता येतं. शहराकडे जाणारा अधिकृत अहवाल शेवटी नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या सहीनेच जातो, तेव्हा त्याची फी वाचेल या आशेवर राहू नका. आपल्याला आकडे कळतात म्हणून त्याला नेमके प्रश्न विचारता येतात, एवढं खरं.

वापरावं का? जरूर. महिन्याला अर्धा तास पुरतो. फक्त २०२५ च्या मे महिन्यात एनर्जी स्टार कार्यक्रमच गुंडाळण्याचा सरकारी बेत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून मी दर महिन्याला सगळ्या मीटरांच्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घेतो. तुम्हीही घ्या, उतरवून घ्यायचं बटण ‘शेअरिंग’मध्ये शोधू नका, ते मीटरांच्या पानावर असतं.